कोपनहेगनला सोबत

शनिवारी मी मीटिंगला नाही, कोपनहेगन बघायला चाललेय, एवढंच वृंदाने कॉर्कच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं आणि फोन पालथा ठेवून ती दुधीची भाजी परतायला वळली. लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. शनिवारी ती खरोखरच कोपनहेगनला चालली होती, सकाळी जाऊन रात्री परत, हल्ली आयर्लंडमधली तरुण मंडळी जातात तशी. फक्त ती जे बघायला चालली होती ते शहर नव्हतं, माणूस होता. ते तिने लिहिलं नाही.

भाजी शिजायच्या आत प्रमोदिनीचा फोन आला. मंडळाच्या उन्हाळी सहलीची मीटिंग तिने पुढच्या शनिवारवर ढकलली होती आणि वृंदाच्याच विमानाची दोन तिकिटं काढून टाकली होती, एक स्वतःचं, एक नवऱ्याचं.

"तुला एकटीला परक्या देशात सोडणार होय आम्ही?" ती म्हणाली.

कशाला उगीच, असं वृंदा म्हणून बघत होती. पण प्रमोदिनीच्या उत्साहापुढे 'कशाला उगीच' म्हणणं म्हणजे पुराच्या पाण्याला चाळणी आडवी धरणं. फोन ठेवला तेव्हा वृंदाच्या लक्षात आलं, की पोळ्यांना कोणती कणीक चांगली इथपासून प्रवासात कोण काय आणणार इथपर्यंत सगळं ठरलं होतं आणि आपण एकदाही नाही म्हटलेलं नाही.

कॉर्कमध्ये वृंदाला ओळखत नाही असा मराठी माणूस नाही, आणि तिच्याबद्दल काही नवीन ऐकलंय असाही नाही. नवऱ्याबरोबर, राजीवबरोबर, ती पुण्याहून आली तेव्हा लेक गुंजन कडेवर होती. राजीवची सॉफ्टवेअरमधली नोकरी, बिशपस्टाउनचं घर, गुंजनची शाळा, मग वृंदालाही रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मिळालेलं काम, असं सगळं मार्गी लागत होतं. आणि एका फेब्रुवारीत राजीव बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला तो उठलाच नाही. तेव्हा मंडळाने वृंदाला अक्षरशः हातांवर झेललं. महिनाभर तिच्या घरी शेगडी पेटू दिली नाही. कुणाकडून वरणभात, कुणाकडून भाकरी. प्रमोदिनी तर कित्येक रात्री तिच्याकडेच झोपायला होती. तिच्या नवऱ्याने, दिलीपने, राजीवच्या शवपेटीला खांदा दिला आणि नंतर बँकेची, पेन्शनची सगळी कामं तोंडातून अवाक्षर न काढता उरकली.

हे वृंदा विसरली नव्हती. अडचण तीच होती. ज्यांनी तुम्हाला पडताना धरलं, त्यांच्या मनात तुम्ही कायमच्या पडलेल्याच राहता.

मंडळाच्या कार्यक्रमात कांदे कापायला वृंदा, कारण ती एकटीच आहे, तिची घरी कोण वाट बघतंय. सहलीच्या बसमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना मांडीवर घ्यायला वृंदा, कारण नवराबायको शेजारी बसायला हवेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रमोदिनीने तिला हट्टाने बोलावलं, सगळ्यांदेखत कुंकू लावलं, आणि मग चार जणींना फोन करून सांगितलं की आपण लावलं. वृंदाला राग आला नाही. प्रमोदिनीचं प्रेम खरंच होतं. पण त्या प्रेमाने तिची एक जागा नेमून दिली होती, फडताळातल्या बरणीसारखी, आणि बरणीने आपणहून जागा बदलायची नसते.

जागा बदलायचं काम गुंजनने केलं. ती आता डब्लिनला नोकरी करत होती. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र कॉर्कच्या हेलात इंग्रजीतून येई. पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्यांची लग्नं जुळवणारी एक संस्था आहे, तिथे तिने आईचं नाव परस्पर घातलं. वृंदा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोन करून विचारलं, "फोटो कुठला दिलास?"

त्या संस्थेतून नरेंद्र आला. मूळचा साताऱ्याचा, गेली कित्येक वर्षं कोपनहेगनला. शहरातली घरं गरम ठेवण्यासाठी जमिनीखालून जे ऊन पाण्याचे नळ जातात, त्यांच्या देखभालीचं त्याचं काम. बायकोला तिथे करमेना म्हणून ती परत गेली आणि मग तिकडेच राहिली, पुढे रीतसर घटस्फोट झाला. मुलगा तिच्याकडे वाढला, आता कमावता झाला. हे सगळं नरेंद्रने पहिल्याच फोनमध्ये सांगून टाकलं, जसं एखादा माणूस घर दाखवताना आधी गळकं छप्पर दाखवतो. मग दर रविवारी दुपारी फोन. आज काय केलंत जेवायला, बाहेर वारा किती आहे, गुंजन काय म्हणते. चार महिने झाले आणि एकदा तो म्हणाला, फोनवर आयुष्य काढायचं आपलं वय राहिलेलं नाही. एक दिवस या. भेटून काही वाटलं तर पुढचं बोलू, नाही वाटलं तर हे फोनही थांबवू. माणूस नाही आवडला तर निदान शहर बघून होईल.

म्हणजे दिवस एकच होता, आणि त्यात आता प्रमोदिनी आणि दिलीप होते.

"जस्ट टेल हर, मॅम," गुंजन आईला म्हणाली. "यू'ल बी ग्रँड."

सांगायला काय, तोंड होतंच. पण प्रमोदिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि अजून ज्याचा चेहरा धड बघितलेला नाही त्या माणसाची गोष्ट साऱ्या कॉर्कमध्ये फिरावी, उद्या काहीच झालं नाही तर त्याबद्दलही सगळ्यांनी आपल्याला हातांवर झेलावं, हे वृंदाला नको होतं. शिवाय दिलीप होता. राजीवच्या पेटीखाली ज्याचा खांदा होता, त्याच्यासमोर हे कसं काढायचं? वेळ बघून सांगू, असं तिने ठरवलं. विमानतळाच्या बसमध्ये ती वेळ आली नाही, कारण प्रमोदिनी झोपली. विमानात आली नाही, कारण ती जागी होती.

कोपनहेगनला उतरले तेव्हा लख्ख ऊन आणि टोपी उडवणारा वारा होता. दिलीपने फोनवरच्या नकाशात बघायच्या जागांवर लाल खुणा करून आणल्या होत्या, आणि एकही खूण सुटता कामा नये असा त्याचा पण होता. प्रमोदिनीच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा मोठा डबा होता, कारण परदेशात काय मिळेल सांगता येत नाही. आपण स्वतः गेली वीस वर्षं परदेशातच राहतो हे ती अशा वेळी विसरत असे.

नरेंद्र रंगीत घरांच्या कालव्याकाठी थांबणार होता. वृंदाने मेट्रोतून त्याला लिहिलं, की सोबत मंडळी आली आहेत, जरा उशीर होईल. त्याचं उत्तर लगेच आलं. आहे मी. घाई नाही.

मग राजवाड्यासमोर पहारेकऱ्यांची बदली बघितली. केसाळ उंच टोप्या घातलेली ती पोरं बघून प्रमोदिनी म्हणाली, यांच्या आया यांना उन्हात असं उभं राहू देतात तरी कशा. मग एक बाग बघितली, एक चर्च बघितलं, सायकलींच्या रस्त्यावर चुकून उभं राहून एका बाईच्या शिव्या खाल्ल्या. कालवा दिलीपच्या नकाशात सगळ्यात शेवटी होता. आधी कालव्यावर जाऊ या का, असं वृंदाने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा दिलीपने समजावून सांगितलं की तसं केलं तर चालणं वाढतं. दर थोड्या वेळाने ती पर्समध्ये हात घालून फोन बघत होती. गुंजन बरी आहे ना, असं प्रमोदिनीने विचारलं.

जुन्या गोल मनोऱ्याच्या दाराशी पोचले तेव्हा फोन पुन्हा थरथरला. जमणार नसेल तर तसं सांगा. मला राग नाही. शहर नीट बघून जा.

वृंदाने ते दोनदा वाचलं. त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. माणूस सभ्यपणे दार लोटून घेत होता, तिला कडीचा आवाजही ऐकू येऊ नये म्हणून जपून.

त्या मनोऱ्याला अगदी टोकाच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत. आतून विटांचा चढ गोल गोल फिरत वर जातो, पूर्वी घोडे वर जात म्हणे. पायऱ्या नाहीत म्हणून गुडघेदुखीच्या प्रमोदिनीने वर यायचं कबूल केलं होतं. दिलीप लांब टांगा टाकत पुढच्या वळणाआड गेला. या दोघी पांढऱ्या भिंतीला धरून सावकाश चालल्या.

"बघितलंस ना," प्रमोदिनी म्हणाली. "एकदा तरी मागे वळून बघितलं का? तुझं बरं आहे गं. कुणाची फरफट नाही, मनात आलं की निघालं."

हे वाक्य वृंदाने आठ वर्षांत किती जणींकडून ऐकलं होतं. घरी नवऱ्याशी भांडून आलेली प्रत्येक बाई तिला ते देऊन जाई, उरलेली मिठाई द्यावी तसं. एरवी ती हसून सोडून देई. आज ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"प्रमोदिनी, मी इथे मुलगा बघायला आलेय."

प्रमोदिनी थांबली. तिचा चेहरा आधी फुलला आणि मग रुसला. "गुंजनसाठी? आणि मला सांगितलं नाहीस?"

"गुंजनसाठी नाही."

वरून शाळेच्या मुलांची एक रांग दडदडत उतरत आली. दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मुलं जाईपर्यंत प्रमोदिनी वृंदाकडे बघत होती, आणि मुलं गेल्यावर ती म्हणाली, "आणि राजीव?"

"राजीव आहे तिथेच आहे. त्याला मी कुठे उठवतेय?"

"तसं नाही गं. म्हणजे लोक काय..." पुढचं प्रमोदिनीने गिळलं. लोक म्हणजे कोण, हे तिला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. ती गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं? मी परकी होते?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पार तिकडे ट्रली गावाला कळलं असतं."

"ट्रलीला नाही," प्रमोदिनी म्हणाली. "कॉर्कपुरतंच ठेवलं असतं."

वृंदाला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळं सांगितलं. संस्था, रविवारचे फोन, जमिनीखालचे नळ, आत्ताच आलेला निरोप. आज त्याला न भेटता परत गेले तर तो समजेल की ही बाई मला लोकांपासून लपवते, आणि ते खरंच असेल, असंही सांगितलं.

"तो आत्ता कुठे आहे?"

"कालव्याशी."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग आपण वर कशाला चाललोय?" प्रमोदिनीने विचारलं, आणि गुडघ्याला न जुमानता ती उतरायला लागली.

दिलीपचा वरून फोन आला. वर फार सुंदर दिसतंय, समुद्रातला पूलसुद्धा दिसतोय, कुठे राहिलात. दिलीप, तू खाली ये, एवढंच बोलून प्रमोदिनीने फोन बंद केला.

खाली आल्यावर रस्त्यातच तिने नवऱ्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. वृंदा चार पावलं मागे राहिली. दिलीपची पाठ तिला दिसत होती. मग तो थांबला, वृंदा जवळ येईपर्यंत उभा राहिला आणि म्हणाला, "गुंजनला माहीत आहे?"

"तिनेच जुळवलंय."

"मग माझं काय असणार?" तो चालायला लागला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "राजीव असता तर म्हणाला असता, आधी माणूस नीट बघून घ्या."

"राजीव असता तर हा प्रश्नच आला नसता," प्रमोदिनी म्हणाली. "काहीही बोलतोस."

कालव्याच्या काठावर माणसं पाय पाण्याकडे सोडून ओळीने बसली होती. त्या ओळीत एकच सावळा माणूस होता, शेजारी सायकलचं शिरस्त्राण ठेवून, आणि तो उठायच्या बेतात होता. आवाजावरून वृंदाने त्याला उंच कल्पिलं होतं. तो चांगलाच बुटका निघाला. डोक्यावर केस बेताचे, शर्टाला इस्त्री मात्र कडक, सकाळपासून वाऱ्यात बसूनही न मोडलेली. तिच्याबरोबर आणखी दोघं बघून तो गोंधळला.

वृंदा पुढे झाली. "हे दिलीप आणि प्रमोदिनी," ती म्हणाली. "माझ्याकडची माणसं."

नरेंद्रला त्याचा अर्थ कळला असावा, कारण त्याने वाकून नमस्कार केला, वयाने जेमतेम बरोबरीच्या दिलीपलासुद्धा.

मग कार्यक्रम सुरू झाला. चौघं लाकडी कठड्यावर बसले. दिलीपने घसा साफ करून विचारलं, आपलं मूळ गाव कोणतं. मग साताऱ्यात कोणती पेठ, शाळा कोणती, नळांच्या कामात नेमकं काय करावं लागतं, तब्येत कशी असते, रक्तदाब आहे का. नरेंद्र प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर देत होता. रक्तदाब आहे, गोळी घेतो. घोरतो. पोळ्या येत नाहीत, भाकरी येते. प्रमोदिनीने चेहरा गंभीर ठेवून ऐकलं आणि मध्येच विचारलं, की पहिलीशी काय बिनसलं. वृंदाला जमिनीत शिरावंसं वाटलं. नरेंद्र पाण्याकडे बघत म्हणाला, "ती नको म्हणत होती आणि मी ऐकत नव्हतो. इथे राहायचंच, असा माझा हेका. आता वाटतं, एकदा तरी बसून विचारायला हवं होतं."

प्रमोदिनीने दिलीपकडे एकदा बघितलं आणि पुऱ्यांचा डबा उघडला. नरेंद्रने दोघांपुरतं आणलेलं खाणं बाहेर काढलं. काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि वर कांद्याची पात. चौघांत ते वाटून खाल्लं. पुऱ्यांवर नरेंद्र असा तुटून पडला, की एवढ्यावरच प्रमोदिनीने त्याला निम्मा पास करून टाकला.

दिलीप पुढचा प्रश्न जुळवत होता, तोच ती उठली. "चल, आपण बोटीत बसू."

"चौघांनी?"

"दोघांनी."

"पण वृंदाला बोट..."

"दिलीप," प्रमोदिनी म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला एकदाही बोटीत बसवलेलं नाहीस. आज बसव."

ती दोघं गेली. बोट कालव्यातून वळून पुलाखाली जाताना प्रमोदिनी मागे वळून बघत होती, आणि दिलीपने तिच्या डोक्यावर वाऱ्यासाठी आपली टोपी घातली होती.

काठावर वृंदा आणि नरेंद्र दोघंच उरले.

"मला वाटलं तुम्ही येत नाही," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

मग तिने मनात जुळवून आणलेलं सांगून टाकलं, भाजीवालीशी बोलावं तसं, आडपडदा न ठेवता. ती कॉर्क सोडणार नव्हती. तिथे तिची नोकरी होती, तिचं घर होतं, आणि ज्यांना आत्ता बघितलं तशी माणसं होती. राजीवचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, तो तिथेच राहणार. मंडळात ती कांदे कापते, तेही कदाचित कापत राहील, पण ते तिचं ती ठरवेल. आणि त्याच्या घोरण्याचं तिने ऐकून घेतलंय, त्याबद्दल आत्ताच काही सांगता येत नाही.

नरेंद्र हसला. हसताना तो आवाजाइतकाच उंच वाटला. त्याला निवृत्तीला अजून काही वर्षं होती, नोकरी सोडून आज उठून यावं असं त्याने वचन दिलं नाही. खोटं बोलून जमवायचं नाही, एवढं मी आयुष्यात शिकलोय, असं तो म्हणाला. पण महिन्यातून एकदा विमानाने जाणंयेणं लोक करतात. आणि कॉर्क त्याने अजून बघितलेलं नव्हतं.

"न बघताच नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. "एकदा मीही येतो. शहर बघायला."

दुपार कालव्याकाठच्या गल्ल्यांतून गेली. जमिनीतली गोल झाकणं दाखवत तो तिला सांगत होता, इथून खाली अमुक घरांचं ऊन पाणी जातं, ह्या वळणावर एका हिवाळ्यात नळ फुटला होता. आजवर तिने बघितलेल्या कुठल्याही शहरात कुणी तिला जमीन दाखवली नव्हती. तिला ते आवडलं. मध्येच तिने गुंजनला तिच्याच भाषेत एका शब्दाचा निरोप पाठवला: ग्रँड.

संध्याकाळी विमानतळाच्या मेट्रोशी चौघं पुन्हा एकत्र आले. बोटीच्या वाऱ्याने प्रमोदिनीचे गाल लाल झाले होते. दिलीपने नरेंद्रचा हात हातात घेतला आणि गणपतीला कॉर्कला यायचं निमंत्रण दिलं, मंडळाचा गणपती मोठा असतो, उतरायची सोय आमच्याकडे करू, किंवा जवळच एक चांगलं हॉटेल आहे. नरेंद्र वृंदाकडे बघायला लागला.

"गणपतीला अजून पुष्कळ अवकाश आहे," वृंदा म्हणाली. "पुढच्या महिन्यात या. आणि हॉटेल नको, माझ्याकडे उतरा."

ती हळू बोलली नव्हती. फलाटावर दुसरं मराठी कुणी नव्हतं, पण ज्या दोघांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलं. दिलीप फोनमध्ये विमानाची वेळ बघायला लागला. प्रमोदिनीने ओठ मिटून घेतले. नरेंद्र म्हणाला, "येतो."

गाडी सुटली. नरेंद्र फलाटावर शिरस्त्राण हातात धरून उभा होता, मग तो मागे पडला. तिघं समोरासमोर बसले. शहर संपून सपाट हिरवा माळ लागेपर्यंत प्रमोदिनीने दम धरला, तिच्या मानाने तो फार झाला.

"त्याला खोली कुठली देणार?"

"गुंजनची."

"बरं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग पुन्हा वळली. "पण तू एकटी किती धावपळ करशील? मी येते सकाळी, नाश्त्याचं बघायला. वाटल्यास आदल्या दिवशीच येते."

"प्रमोदिनी," वृंदा म्हणाली, "तू आज होतीस म्हणून मी त्या कालव्यावर पोचले. पण त्या दिवशी नको येऊस."

प्रमोदिनीने दिलीपकडे बघितलं. दिलीप फोनमधून मान वर न करता म्हणाला, "दुसऱ्या दिवशी जाऊ."

"दुसऱ्या दिवशी या," वृंदा म्हणाली. "जेवायलाच या. भाकरी तो करेल."